फिल्टरावरची तारीख

हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक डोंगरकड्याच्या फाट्यावर, थेट जळबा मिस्त्रीच्या गॅरेजसमोर आचके देत बंद पडला आणि शीतलने कपाळावर हात मारला. आज? आजच यायचं होतं याला?

दीड महिन्यातली तिसरी खेप! पहिल्यांदा खरोखर योगायोगच होता. फिल्टर गाळाने चोंदलेला, तिचा बा जळबा कंबर धरून आतल्या खाटेवर पडलेला, तो अजून उठला नव्हता. पाना घेऊन पुढे आलेल्या पोरीला बघून ड्रायव्हर सुरजने विचारलं होतं, "मिस्त्री कुठं हायेत?" "तुमच्या समोर," शीतल म्हणाली, तेव्हा गडी फिल्टर बदलून होईस्तोवर तिच्या हातांकडेच बघत राहिला. जाताना तर सुरजने दोनदा वळून बघितलं. शीतलने मोजलं होतं!

आज तिचं मन सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. पाच वाजता हिंगोलीचे पाहुणे लग्नाची बोलणी पक्की करायला यायचे होते. घरात आईने नवी साडी काढून ठेवलेली. तीन वाजून गेले होते, आणि वर हा!

"काय झालं?" तिने तुटकपणे विचारलं.

"फिल्टर चोंदला वाटतं... बदला."

"पंधरवड्यापूर्वीच तर बदललाय."

"डिझेलच खराब मिळून राहिलं हो. माणसानं काय करावं!"

शीतलने बॉनेट उघडलं. नव्या फिल्टरावर तारीख टाकायची, ही जळबाची शिस्त. गॅरेजातला रंग वाळून गेल्यापासून शीतल आपल्या नेलपॉलिशनेच तारीख टाकायची. गुलाबी आकडे अजून लखलखत होते. तिने फिल्टर खोलून डिझेल वाटीत ओतलं. स्वच्छ! गाळाचा कण नाही. मग तिची नजर वरच्या, हवा काढायच्या स्क्रूवर गेली.

"सुरजराव, सगळ्या इंजिनावर बोटभर धूळ, आन हा एकटाच स्क्रू डिझेलनं न्हाऊन बसलाय. काहून?"

"ते... रस्त्याचे हादरे—"

"हादरे पाना घेऊन येतात व्हय?"

सुरजचे कान लाल झाले. "मीच ढिला केला. वळणावर. गाडीनं हवा घेतली की बंद पडती..."

"आन मागच्या खेपेला?"

"तवाबी."

मागच्या खेपेला तिने न बघताच चांगला फिल्टर काढून टाकला होता. लक्ष कुठे होतं तिचं! "फेकायला सांगितलेला तो फिल्टर कुठाय?"

त्याने केबिनकडे बोट दाखवलं. काचेजवळ फिल्टर ठेवला होता, गुलाबी तारीख बरोबर समोर. शीतलला हसू आवरेना, आणि रडूही.

"मालकानं उद्यापासनं गुजरातच्या खेपांवर घातलंय," तो घाईघाईने म्हणाला. "सहा महिने. म्हणून आज विचारायचं होतं... तुमी... माझ्याशी..."

"पाच वाजता पाहुणे येऊन राहिलेत. मला पक्की करायला."

सुरजचा चेहरा उतरला. "मग... हवा काढून द्या. जातो."

तिने फिल्टर बसवला, स्क्रू ढिला केला आणि पंप मारू लागली. बुडबुडे येत होते, येतच होते. संपूच नयेत, असं तिला वाटलं. पण संपले. निव्वळ डिझेल आलं. तिने स्क्रू आवळला. सुरजने चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

तो निघेना. ती बाजूला होईना.

"बंद करा गाडी!" शीतल एकदम ओरडली. "माझ्याशी काय चाचरता? आत जाऊन माझ्या बाशी बोला!"

"आत यायची गरज न्हाई!" आतल्या खाटेवरून जळबाचा आवाज आला. "तीन खेपा ऐकून राहिलो. इंजिनात खोट न्हाई, डायवरात हाय. पोरी, तुझं काय म्हणणं?"

शीतलने तेलकट हात ओढणीला पुसले. लाजायला आता वेळच कुठे होता?

"मला हाच पाहिजे, बा."

आत जळबा कण्हत उठून बसला. "अगं ए, फोनच्या बूथवर जा! पाहुण्यांना फोन लाव, निघू नका म्हणावं. तकलीफ दिली, माफी असावी म्हणावं!"

आई पदर सावरत, बडबडत धावली. सुरज स्टिअरिंग धरून येड्यासारखा हसत होता.

फिल्टर काही बदलला नव्हता. तरी शीतलने नेलपॉलिशची बाटली काढली आणि जुन्या तारखेखाली आजची तारीख लिहिली.