आतून आवाज

लातुरात त्या काळी ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. नाटक लिहायची हौस धरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि त्यातही रुद्राणी काही हौसेनं आलेली नव्हती. ती एका क्लासची केमिस्ट्रीची बाई. पोरं तिच्यापुढं चळाचळा कापायची. संचालकांना गॅदरिंगला क्लासचं स्वतःचं नाटक हवं होतं. कॉलेजात असताना हिनं एकदा तोंडाला रंग लावला होता, एवढ्या पुण्याईवर ते लोढणं तिच्या गळ्यात पडलं.

तिला आणि गावातल्या आणखी चार-दोन हौशी माणसांना नाटक लिहायला शिकवायला नांदेडहून अजीज सर यायचे. सारा जन्म नाटकात घातलेला म्हातारा. रविवारची टेस्ट उरकली की वरच्या हॉलमधली बाकडी भिंतीला सारायची, आणि सर फरशीवर खडूनं घर आखायचे. ही भिंत, हे दार, दाराच्या आत स्वयंपाकघर. ज्यानं प्रवेश लिहिला त्यानं कामं वाटायची, बाकीच्यांनी त्या घरात उभं राहून वाचायचं. वाचणारं माणूस कमी पडलं तर ती जागा मोकळी सोडायची. त्याचं वाक्य आलं की तेवढा वेळ सगळे गप्प, मग पुढं. दुसऱ्यानं उसनं वाचलेलं सरांना खपत नसे.

पहिल्याच रविवारी त्यांनी सांगून टाकलं होतं, "नाटकात माणूस उगाच येत न्हाई, बेटा. काहीतरी मागायला येतं. आन् मागणं मिटल्याबिगर जात न्हाई."

रुद्राणीनं मान डोलावली आणि नवशिके करतात तीच चूक केली. एखादं पात्र समोर आणायची पंचाईत वाटली की नवशिके त्याला आतच ठेवतात आणि आतून बोलायला लावतात. तिच्या प्रवेशात पुनर्वसनातलं नवं घर होतं. आई मुलीची वेणी घालत बसलेली, आणि आतून एक बाई अधूनमधून विचारते, पोरगी कुठं हाय माझी.

हे तिला कुठून सुचलं ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. भूकंपाच्या वेळी ती आणि तिचा नवरा सिद्धराम लातुरात भाड्याच्या खोलीत होते. गावाकडं मोठे दीर गुंडप्पा आणि जाऊ धुरपता, दोघंही दगडमातीखाली गेले. धुरपताच्या कुशीत तिची तान्ही पोर तेवढी जिवंत सापडली. मेलेल्या आईची मिठी सोडवायला जवान गडी घामाघूम झाले होते. ती पोर म्हणजे करिश्मा. रुद्राणीची कूस उजवली नव्हती. तिनं पोरीला पदराखाली घेतलं ते कायमचं. आता अकरावं लागलं होतं, आणि आपली आई दुसरी होती हे पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या लग्नकार्यालासुद्धा तिला नेत नसत, कुणाची जीभ घसरायची म्हणून. त्या पोरीवाचून रुद्राणीला जगात दुसरं काही नव्हतं.

पहिल्या वाचनात आईचं काम शकिलाकडं आलं. ती उर्दू शाळेतली मास्तरीण, वाचायला खणखणीत. आवाजाला माणूस उरलं नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडली. वाचन झाल्यावर शकिला दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाली, "आतल्या बाईचं काम लई भारी झालं. कोणाला बसवलं होतं?"

रुद्राणी हसली. भिंतीपलीकडं दुसऱ्या क्लासची पोरं घोकत असतात, त्यातलंच काही कानावर गेलं असेल. उतरताना तिनं सहज पाहिलं तर पलीकडच्या क्लासला कुलूप होतं. मग रस्त्यावरून आलं असेल, असं तिनं मनाला समजावलं. केमिस्ट्रीची बाई ती, भुताखेतांना भीक घालणारी नव्हे.

तरी आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. तिनं आवाज मुळातून काढून टाकला. आई, मुलगी आणि वेणी, बास.

पुढच्या रविवारी तेच वाचायला घेतलं. नव्या प्रवेशात थांबायला जागाच नव्हती. तरी शकिला मध्येच थांबली. मुलीचं काम वाचणारी अलीझाही थांबली. दोघींनी खडूच्या दाराकडं पाहिलं, तेवढा वेळ गेला आणि दोघी पुढं वाचू लागल्या. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. का थांबलात म्हणून विचारलं, तर आम्ही थांबलोच नाही म्हणाल्या.

अजीज सरांनी रुद्राणीला जिन्यात गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काढून भागत न्हाई आता," ते म्हणाले. "तिनं मागितलंय. तोंडावर न्हाई म्हण तिला. तसं लिही."

तिनं लिहिलं. लिहिताना रडली, पण लिहिलं.

त्या रविवारी सिद्धराम जळकोटला गेला होता. शेजारी कुणी नव्हतं. करिश्माला सोबत आणण्यावाचून इलाज नव्हता, पण वर न्यायचं नाही एवढं रुद्राणीनं पक्कं ठरवलं होतं. खाली ऑफिसात झाडलोट करणाऱ्या पार्वतम्मापाशी तिला बसवलं, हातात शेंगा दिल्या आणि बजावलं, मी येईस्तोवर हलायचं नाही.

वर आईचं काम या वेळी रुद्राणीनं स्वतः घेतलं. आवाजाची जागा मोकळी सोडली.

आईचं वाक्य आलं. "पोरगी माझी हाय," तिनं दाराकडं बघून वाचलं. "तुला मिळायची न्हाई."

सगळे गप्प राहिले. पंखा फिरत होता. रुद्राणीला काही ऐकू आलं नाही. शकिलानं मात्र तोंडावर हात धरला.

जिन्यात पावलं वाजली. करिश्मा आत आली, मागून धापा टाकत पार्वतम्मा.

"आई बोलावती म्हणली अन् पळाली की," पार्वतम्मा म्हणाली. "मला तर काय ऐकू आलं न्हाई."

"मी न्हाई बोलावलं," रुद्राणी म्हणाली.

करिश्मानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भिंत म्हणून आखलेली रेघ तिनं ओलांडली नाही, वळसा घालून दारापाशी गेली आणि दारातून आत शिरली. कोपऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. मग मान हलवली, कुणाचं तरी म्हणणं पटल्यागत.



रुद्राणीनं हाक मारली. "करिश्मा, चल बाळा. घरी जाऊ."

पोरगी वळली. चेहरा शांत, रोजचाच. दारापर्यंत आली आणि रेघेच्या आतच थांबली. लग्नकार्यात भेटलेल्या नात्यातल्या बाईशी बोलावं, तशी ती अदबीनं बोलली.

"काकू, तुम्ही व्हा पुढं."