डॉक्टरीणबाईंनी उघडलेला लॅपटॉप

दुकानात शिरले तेव्हा दुरुस्तीवाला डाव्या हाताने चहाचा कप उचलायची खटपट करत होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"सुरूच होत नाही," मी लॅपटॉप पुढे सरकवला. "आतून नुसती टकटक ऐकू येते."

त्याने कान लावला. "हार्ड डिस्क गेली. बदलावी लागेल. पण... दुसरीकडे दाखवा. सध्या मी फक्त गिऱ्हाइकं परत पाठवतो."

दोन दुकानांनी आधीच 'नवा घ्या' म्हणून वाटेला लावलं होतं. मी जनावरांची डॉक्टर. कुठली गाय कशाने आजारली, कुठलं कुत्रं कशाने बरं झालं, सहा वर्षांच्या सगळ्या नोंदी त्यातच होत्या.

"तुम्ही सांगा, मी करते. सकाळीच एका मांजरीला सात टाके घातलेत."

"मांजर जिवंत आहे?"

"मला ओरबाडण्याइतकी!"

तो हसला आणि पायाने स्टूल माझ्याकडे ढकललं.

"आधी बॅटरी काढा. आता मागचे स्क्रू... हळू. जुने आहेत, एकदा झिजले की जागचे हलत नाहीत."

"गिऱ्हाइकांसारखे?"

"गिऱ्हाईक निदान दुसरीकडे जातं. तुम्ही कुठे गेलात?"

डिस्क कडेने धरून बाहेर सरकवताना दोघंही वाकलो, आणि आमची डोकी एकमेकांना लागली. लगेच मागे कोणीच झालं नाही...

नवी डिस्क चपखल बसली, पडदा उजळला. मग त्याने जुनी डिस्क त्याच्या कॉम्प्युटरला जोडली. एकदा, दोनदा, तीनदा. नुसती टकटक.

"नाही वाचता येत," तो हळूच म्हणाला. "खोटी आशा दाखवणार नाही मी."

"सहा वर्षं गेली," मी पुटपुटले. आतल्या खोलीतून त्याची आई बाहेर आली. "वहीत नाही का गं काही लिहिलेलं?"

होतं. गोठ्यात उभ्या उभ्या खरडलेल्या अकरा वह्या!

"तुमचं अक्षर तुम्ही वाचा," तो म्हणाला, "मी टाइप करतो. एका हाताने, पण करतो."

मग रोज संध्याकाळी दवाखाना बंद केला की मी तिथे. मी वाचायची, तो एकेक अक्षर शोधायचा आणि मध्येच थांबायचा.

"या बैलाचं पुढे काय झालं?"

"बरा झाला."

"मग तसं वहीत लिहायचं ना! माझा जीव टांगणीला..."

प्लॅस्टर निघालं, पण अंगठा नीट वाकेना. त्याच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर सटकला, आणि त्याने तो परत उचललाच नाही.

"भाऊ त्याच्या गोदामावर बोलावतोय," तो म्हणाला. "तुमच्या वह्या संपल्या की दुकान बंद करतो."

एकच वही उरली होती. ती मी इतकी सावकाश वाचली, की शेवटी त्याची आई म्हणाली, "चार दिवस झाले, या गायीचा ताप काही उतरत नाही बाई!"

पण शेवटचं पान आलंच.

"झालं..." तो म्हणाला. बोटं मात्र तशीच कीबोर्डवर.

मी त्याचा उजवा हात हातात घेतला. आधी डॉक्टरसारखा तपासला, मग नुसताच धरून ठेवला.

"सुधारेल. वेळ लागेल. तोवर माझे दोन हात आहेत ना... जाऊ नका."

"दुकानासाठी म्हणताय?"

"दुकानासाठी कोणी रोज येतं का?"

त्याचे कान लाल झाले. मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "तू... उद्याही येशील?"

'तू' म्हणाला तो!

"येईन," मी म्हटलं. "तू असशील तर."

त्याचा अंगठा माझ्या बोटांवर हळूहळू वाकला... पुरता नाही, पण वाकला.