पायाशी पिकल

दर ऑक्टोबरात एका शनिवारी ह्यूबर्ट आणि ऑलिव्ह जुनी गावं बघायला निघायचे. थर्मासमध्ये चहा, डब्यात अंड्याची सँडविचेस आणि मागच्या सीटवर पिकल. पिकल म्हणजे त्यांचं म्हातारं टेरियर कुत्रं. त्याचा एक कान कायम मुडपलेला असे. ह्यूबर्टची किल्ली कुलपात फिरली की तेवढ्यापुरता ताठ व्हायचा.

मार्चमध्ये ऑलिव्ह गेली. तिच्या दफनाच्या दिवशी दार उघडं राहिलं आणि पिकलही निघून गेला. ह्यूबर्टने कुरणं, ओढे, सगळं पालथं घातलं. बायकोचं जाणं त्याने कसंबसं पचवलं, पण ते कुत्रं कुठल्या खड्ड्यात एकटं मेलं असेल, या विचाराने त्याचा डोळा लागत नसे.

यंदा गाडी ऑलिव्हच्या धाकट्या बहिणीने, एडनाने चालवली.

"माझ्या सँडविचकडे असा बघू नकोस," ती म्हणाली. "ताई काय मोठी सुगरण लागून गेली होती? मीठ घालायला विसरायची."

"दरवेळी," ह्यूबर्ट म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी हसला.

दोन गावं बघून दुपारी ते थॉर्नवेलच्या चर्चमध्ये शिरले. बाहेर भुरभुर पाऊस होता. आत ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास होता. फरशीत एका सरदाराच्या बायकोच्या थडग्यावर तिची जुनी पितळी आकृती जडवलेली होती. शेजारची नवऱ्याची आकृती कधीकाळी चोरीला गेली होती. तिथे माणसाच्या आकाराचा नुसता खळगा उरला होता. अशा आकृत्यांत बायकांच्या पायाशी एखादं छोटं कुत्रं कोरलेलं असतं. हिच्या पायाशी तेही नव्हतं. "नवरा नाही, कुत्रं नाही. बिचारी," असं म्हणत ऑलिव्ह दरवर्षी तिच्यावर कागद पसरायची आणि काळ्या मेणाची वडी घासून तिचा ठसा उठवायची.

ह्यूबर्ट गुडघे टेकून बसला. एडनाने कागदाचे कोपरे धरले. मेणाखाली हळूहळू चेहरा उठला, जोडलेले हात उठले, झग्याच्या चुण्या उठल्या. पायाशी वडी कशाला तरी अडखळली. आधी शेपटी आली, मग पुढचे पंजे, मग बाईच्या पायांवर टेकवलेलं तोंड. आणि एक मुडपलेला कान.

एडनाने कागदाची कडा उचलून खाली पाहिलं.

"ह्यूबर्ट... इथे पितळ कोरं आहे रे..."

"कागद ठेव खाली."

ओल्या केसाळ अंगाचा वास आला. मागच्या बाकांमधून दगडावर नखं वाजत पुढे आली. टिक... टिक... ह्यूबर्टच्या बुटापाशी येऊन आवाज थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. वळलो तर हेही जाईल, अशी त्याला भीती वाटली.

"सापडला ना गं तुला तो," तो कागदाकडे बघत म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला. पिकल एकटा मेला नव्हता. ऑलिव्हही एकटी नव्हती. एवढंच त्याला हवं होतं.

डोळे पुसताना त्याचा हात सरकला आणि वडी शेजारच्या खळग्यावर आलेल्या कागदावर घासली गेली. तिथे दोन बुटांची टोकं उठली. नाडीला दुहेरी गाठ होती. गाठी सुटतात म्हणून ऑलिव्ह त्याला तशीच बांधायला लावायची.

एडनाने त्याच्या हातून वडी हिसकावली. "पुरे झालं. ऊठ."

वडी तिने स्वतःच्या घरी नेली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. ठसा मात्र ह्यूबर्टने शेकोटीवरच्या भिंतीला लावला.

पुढच्या रविवारी ती जेवायला आली तेव्हा बुटांच्या वर दोन पाय आले होते, पार गुडघ्यापर्यंत.

"तू काही केलंस का?" तिने हळूच विचारलं.

"मेण तर तुझ्याकडे आहे," ह्यूबर्ट म्हणाला, आणि मायेने तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "जेव, गार होतंय."

एडनाने पुन्हा ठशाकडे पाहिलं. पिकलचं तोंड आता बाईच्या पायांवर नव्हतं. मान वळवून तो खळग्याकडे बघत होता, आणि त्याचा मुडपलेला कान ताठ उभा होता.