बरणीतलं समुद्राचं झाड

"बुडी गयं!" शेजारचा मिथुन ओरडला. "भूमिका, तुन्हं झाड बुडी गयं!"

भूमिका बरणीकडे धावली. तिचे पप्पा गुजरातच्या किनाऱ्यावर मासेमारी बोटीवर कामाला. दर उन्हाळ्याच्या सुटीत ते समुद्रातलं वाळलेलं शेवाळ घरी, तापीकाठच्या प्रकाशा गावी पाठवायचे. बरणीतल्या पाण्यात टाकलं की त्याचे मण्यांएवढे फुगे त्याला वर उचलायचे आणि वीतभर झाड ताठ उभं राहायचं! "अठे त्यानं जंगलच शे. त्यामा मासळी अंडा घालस. एक रोज तुले दाखाडसू," पप्पा फोनवर म्हणायचे. तो एक रोज काही उजाडत नव्हता. भूमिका बरणीपुढे बसून त्याचीच वाट बघायची.

यंदाचं शेवाळ मात्र चिंधीसारखं तळाशी पसरलं.

मिथुनच्या बहिणीनं, रुपानं, ते काडीनं उलटवलं. "समुद्रमा झेंडू कव्हयपासून उगाले लागना?"

खरंच की! शेवाळात झेंडूची पाकळी अडकली होती. तापीच्या घाटावर यात्रेकरूंनी सोडलेली फुलं नदीतल्या शेवाळात अशीच गुंततात.

पुडकं आणलं होतं चुनीलालकाकांनी. त्यांचा टेम्पो केळी घेऊन किनाऱ्याकडे जातो. तिघांनी लगेच डाव रचला. काका चहाला टेकताच भूमिका भोळा चेहरा करून म्हणाली, "काका, झाड भारी शे! पप्पास्ले फोन करीसन ईचारस, कोठून काढं ते."

"फोन नको!" काकांच्या बशीतला चहा सांडला.

"मंग हाई झेंडू कोन्ता समुद्रना?" रुपानं पाकळी पुढे धरली.

काकांनी मान खाली घातली. "तुन्हा पप्पानी औंदा काहीच दिधं नही, बेटा. तू हिरमुसशी म्हनीसन मीच घाटवरथून आनं."

भूमिकानं फोन लावलाच. पप्पांनी खरं ते सांगून टाकलं.

"दोन वरीसपासून समुद्र भलता तपी ऱ्हायना, बेटा. जंगल गळी गयं, खडक बोडका व्हई गयात. मासळी बी दूर गई. तुले काय दाखाडू?"

इतकी वर्षं तिनं त्या जंगलात पप्पांचा हात धरून फिरायचं ठरवलं होतं.

"काहीच नही का उरनं?"

"एक कपारमा शे. हातभर."

"मंग तेच दाखाडा! ते बी जाई, त्याना आगोदर!"

ओसरीवर भूमिकाच्या आजी, नर्मदाबाई, सगळं ऐकत होत्या. "शाब्बास रे पोरंहो! मोठास्ले बरोबर पकडं!" मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चुनीलाल, आते केळी भरशी तव्हय पोरीले संगे ली जाय. मी बी येस. माले बी मन्हा पोऱ्या देखना शे."

निघताना भूमिकानं गेल्या वर्षीचं, जपून ठेवलेलं झाड फडक्यात बांधलं. वाळलेलं पुन्हा रुजत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला ते एकदा त्याच्या घरी न्यायचं होतं.