गणिताच्या बाईंविषयी चौतीस मतं

"चौतीस मुलं, आणि चौतीसही माझ्या विरोधात," शरयू मुळ्ये म्हणाल्या. "एखादं विरोधात असेल, वीस असतील. चौतीसच्या चौतीस असणं मला पटत नाही."

रमाकांतरावांनी वहीत आकडा लिहून घेतला. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, बायको वसुधा जाऊन चार. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या औषधाच्या दुकानावरच्या या खोलीत ते रोज दहाला येत. हेमांगी मोहिते इथे खाजगी चौकशीची कामं घेई, त्याआधी ती विमा कंपनीत दावे तपासायची. रमाकांतराव तिची टिपणं काढत. पगार नव्हता, पण दोन वेळचा चहा आणि माणसाचा आवाज होता.

शरयूबाई सिटी सेंटर भागातल्या एका खाजगी महाविद्यालयात गणित शिकवत. महिनाअखेरीस त्या साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होणार होत्या, आणि त्यांनी जानेवारीतच दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज केला होता. नियम असा, की मुलांच्या अभिप्रायात पाचपैकी सरासरी तीन गुण तरी पडायला हवेत. त्यांना एक पूर्णांक चार पडले होते. सोमवारी समिती बसणार होती.

"घरी कोण असतं?" हेमांगीने विचारलं.

"कुणी नाही. म्हणून तर अर्ज केला." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की रमाकांतरावांनी लिहिता लिहिता मान वर केली.

अभिप्राय घ्यायची पद्धत त्यांनी नीट समजावून सांगितली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुलं संगणकाच्या प्रयोगशाळेत बसून एक ते पाच गुण आणि एक वाक्य टाइप करतात, चिठ्ठी छापून घेतात आणि पाकिटात टाकतात. पाकीट तिथेच डिंकाने बंद होतं, वर महाविद्यालयाचा शिक्का बसतो. शिकवणारा त्या वेळी खोलीत थांबत नाही. वर्गप्रतिनिधी राजवर्धन घोरपडेने चिठ्ठ्या गोळा केल्या, देखरेखीला अपूर्व सोमण हे तरुण प्राध्यापक होते आणि नंतर दोन दिवस पाकीट कार्यालयाच्या कपाटात होतं. कार्यालय उषाताई शेंडे सांभाळतात.

"उषाला विचारायची गरज नाही," शरयूबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं आम्ही एका रिक्षाने जातो."

त्यांनी चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स प्रती टेबलावर ठेवल्या. सगळं हिंदीत होतं, इथल्या महाविद्यालयांत असतं तसं. रमाकांतरावांनी वाचलं. 'किसी का हाल नहीं पूछतीं।' 'अपनी ही बात सही मानती हैं।' 'इंतज़ार करवाती हैं, फिर माफ़ी भी नहीं माँगतीं।' 'तारीफ़ का एक शब्द नहीं।' 'सबके सामने चेष्टा करती हैं।' या शेवटच्या चिठ्ठीपुढे हिरव्या शाईची खूण होती.

"ती प्राचार्यांची," शरयूबाई म्हणाल्या. "ते भिंडचे, हिंदीवाले. म्हणाले, चला, कम से कम एक ने तो माना कि मेहनत करती हैं."

रमाकांतरावांना ते वाक्य तक्रारीसारखंच वाटलं होतं, पण प्राचार्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्यांना कधीच वाटत नसे. त्यांनी पान उलटलं. हेमांगी मात्र ती प्रत बराच वेळ हातात धरून होती. मग तिने सगळ्या चौतीस चिठ्ठ्या पहिल्यापासून पुन्हा वाचल्या, आणि शरयूबाईंना विचारलं की त्या गृहपाठ फार देतात का. रोज देते, त्या म्हणाल्या. पेपर अवघड काढतात का? मुलं म्हणतात काढते. हेमांगीने मान हलवली, आणि पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं महाविद्यालयात गेली.

अपूर्व सोमण नाशिकचा. ग्वाल्हेरला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. शरयूबाई गेल्या तर त्यांचा वर्ग त्याच्याकडे येणार होता, आणि हे त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मला तो वर्ग हवा आहे, तो म्हणाला, पण असा नको. बाई कडक आहेत, शब्दाने लागट आहेत, पण घंटा व्हायच्या आधी वर्गाच्या दाराशी उभ्या असतात. त्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला की सगळं सुरळीत झालं. प्रयोगशाळेत संगणक चौतीस, त्यातले तीन बंद. पण हॉकीची तीन मुलं भोपाळला स्पर्धेला गेली होती, त्यामुळे कुणाला ताटकळावं लागलं नाही. पाकीट बंद करून त्याने लगेच कार्यालयात नेऊन दिलं.

राजवर्धन शहरातल्याच हजीरा भागातून सायकलने येई. तो कॅन्टीनबाहेर भेटला. शरयूबाईंच्या चाचणीत तो दोनदा नापास झाला होता. घरी आईने बजावलं असावं, कारण या दोघांशी तो हट्टाने मराठी बोलत होता.

"वर्गात मराठी मी एकटाच आहे, काकू. बाकी सारे हिंदीवाले. आम्ही त्यांना 'क्यों मॅडम' म्हणतो. जवाब गलत असला तर विचारतात क्यों. सही असला तरी पण विचारतात क्यों."

"तुझा राग आहे त्यांच्यावर?"

"राग कशाला?" तो जरा थांबला, शब्द शोधत. "त्यांच्या विषयात मी सालभर खूप चेष्टा केली. त्यांना काही फरक नाही पडला."

रमाकांतरावांचं पेन थबकलं.

"कशी केलीस?" हेमांगीने शांतपणे विचारलं.

"रोज सकाळी पाचला उठून. तरी बारा मार्कांनी राहिलो."

मुलगा गेल्यावर रमाकांतरावांनी वहीतली ओळ तिला दाखवली. तिथे लिहिलं होतं, 'वर्गात बाईंची चेष्टा केल्याची कबुली. पश्चात्ताप नाही.' वर ते म्हणाले की पहाटे पाचला उठून कुणाची टिंगल करणारा पोरगा त्यांनी जन्मात पाहिला नाही. हेमांगी हसली आणि म्हणाली, "काका, ही ओळ खोडू नका. लागेल."

उषाताई कार्यालयात फायलींच्या भिंतीआड बसल्या होत्या. त्यांनी दोघांना चहा मागवला. एकतीस तारखेला त्याही निवृत्त होणार होत्या, एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर. आयुष्यात कधी सलग आठ दिवस रजा घेतली नाही, असं त्यांनी सांगितलं. नवरा कधीच गेला, मुलगी लग्न होऊन जबलपूरला.

"पाकीट मी स्वतः कुलपात ठेवलं," त्या म्हणाल्या. "पटावर चौतीस मुलं, पाकिटात चौतीस चिठ्ठ्या. प्राचार्यांनी सर्वांसमोर मोजल्या. त्यात काही गडबड नाही."

"शरयूबाईंना वाईट वाटलं असेल."

"तिला?" उषाताई हसल्या. "तिला वेळ कुठे? रोज मी खाली रिक्षात बसून असते. बाईसाहेबांचं गणित सुटलं की मग रिक्षा सुटणार. आता मात्र सुटका. एक तारखेपासून सकाळच्या गाण्याच्या वर्गात आम्हा दोघींची नावं घातलीयत. फेब्रुवारीतच घातली, जागा राहत नाहीत ना."

परतताना रमाकांतराव म्हणाले की अपूर्व नाही तर राजवर्धन, दोघांपैकी एक नक्की. आणि उषाताईंना उगाच त्रास दिला, त्यांच्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. हेमांगी रिक्षाबाहेर बघत राहिली.

शनिवारी दुपारी रमाकांतरावांनी चार खुर्च्या मांडल्या. हेमांगीने दोन उचलून भिंतीशी ठेवल्या. उरलेल्या दोन खुर्च्यांवर शरयूबाई आणि उषाताई येऊन बसल्या. उषाताईंनी पिशवी मांडीवर धरून ठेवली होती.

"आधी मोजणी," हेमांगी म्हणाली. "त्या दिवशी तीन मुलं भोपाळला होती. म्हणजे प्रयोगशाळेत एकतीस. पाकिटात निघाल्या चौतीस. ज्याने चिठ्ठ्या बदलल्या त्याने पट पाहिला, वर्ग पाहिला नाही. अपूर्व सोमण तिथे उभे होते आणि राजवर्धनने चिठ्ठ्या गोळा केल्या. त्यांनी बदलल्या असत्या तर एकतीसच ठेवल्या असत्या."

शरयूबाई ताठ बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते आकडे त्या मनात पुन्हा मांडून बघत आहेत.

"मग ही चिठ्ठी. 'सबके सामने चेष्टा करती हैं।' हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. म्हणून प्राचार्यांनी तिच्यापुढे चांगली खूण केली. पण लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, चारचौघांत टिंगल करतात. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात हिंदीचा, पण डोकं मराठी. वर्गात मराठी मुलगा एकच. आणि त्याला तर या शब्दाचा मराठी अर्थच ठाऊक नाही. तो आमच्याशी शुद्ध बोलायला गेला आणि कोशिशच्या जागी चेष्टा म्हणाला. पाचला उठून तो अभ्यास करत होता, काका."

रमाकांतरावांनी वही मिटली.

"आणि तिसरी गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. मुलं गणिताच्या बाईंविषयी लिहितात, आणि चौतीस वाक्यांत एकदाही गणित येत नाही. गृहपाठ नाही, पेपर नाही, गुण नाहीत. 'इंतज़ार करवाती हैं' म्हणे. घंटेआधी दारात उभं राहणाऱ्या बाई वर्गाला कधी वाट बघायला लावतील? या तक्रारी विद्यार्थ्याच्या नाहीत. रोज खाली रिक्षात बसून राहणाऱ्या माणसाच्या आहेत."

खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याची बाटली मागत होतं.

"पट, पाकिटं आणि शिक्का तुमच्याच टेबलावर असतो, उषाताई. आणि गाण्याच्या वर्गात नावं तुम्ही फेब्रुवारीत घातलीत. शरयूबाईंचा अर्ज जानेवारीचा. मुदतवाढ मिळणार नाही हे तेव्हा फक्त तुम्हालाच माहीत होतं."

उषाताईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. डिंक जसाच्या तसा होता, शिक्काही.

"फाडता आलं नाही," त्या म्हणाल्या. "एकोणतीस वर्षं कागद सांभाळले. उघडलंही नाही."

"दोन वर्षांचा तर प्रश्न होता," शरयूबाई म्हणाल्या.

"तुला दोन वर्षं. मी एक तारखेला उठून कुठे जायचं? कुणाची वाट बघायची? तुला एकदा तरी सुचलं का, की आपण दोघी एकदमच सुटतोय?"

शरयूबाईंनी खरं पाकीट हेमांगीकडे सरकवलं. हे सोमवारी समितीच उघडेल, त्या म्हणाल्या, आणि काय झालं ते उषा स्वतः लिहून देईल. मग त्यांनी खोट्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि चष्मा लावला.

"उषा, ही चौतीस वाक्यं खोटी आहेत?"

"चिठ्ठ्या खोट्या आहेत." उषाताईंचा आवाज फार खाली गेला. "वाक्यं माझी आहेत."

"सबके सामने. ही कधीची गोष्ट?"

"माझ्या पत्रातली चूक तू शिपायाला वाचून दाखवलीस. तो हसला. दोन हजार चौदा."

शरयूबाईंनी त्या चिठ्ठीच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, आणि पुढची चिठ्ठी घेतली. "ही?"

हेमांगीने रमाकांतरावांच्या खांद्याला हात लावला. दोघं बाहेर आली, तिने दार लोटून घेतलं.

सोमवारी समितीने खरं पाकीट उघडलं तेव्हा सरासरी तीन पूर्णांक चार निघाली. एकतीसपैकी अठ्ठावीस चिठ्ठ्यांत गणित होतं. गृहपाठ फार, पेपर लांब, उत्तर बरोबर आलं तरी सुटका नाही. एकाने लिहिलं होतं की अब मैं घर में भी पूछता हूँ क्यों, पापा परेशान हैं. शरयूबाईंना दोन वर्षं मिळाली. उषाताईंचा निरोपसमारंभ रद्द झाला. शरयूबाईंनी त्यांच्याविरुद्ध तक्रार देणार नाही असं लिहून दिलं, त्याखाली सही केली आणि कारणाच्या रकान्यात काही भरलं नाही.

पण शनिवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जिन्यात उकडत होतं.

"माफ करतील त्या?" रमाकांतरावांनी विचारलं.

"माहीत नाही. विचारताहेत, एवढं खरं."

हेमांगी खाली चहा सांगायला गेली. रमाकांतराव पायरीवर बसले. दारामागून उषाताईंचा आवाज येत होता, एकसुरी, मधेच थांबणारा, आणि प्रत्येक वेळी शरयूबाईंचा एकच प्रश्न. नववी झाली, दहावी झाली. अजून चोवीस बाकी होत्या.

वसुधाला आपल्याबद्दल काय वाटत होतं, हे रमाकांतराव आठवू लागले. बत्तीस वर्षांचा संसार. निदान दहा-बारा तक्रारी तरी असतील. त्यांनी बोटं पुढे धरली, मोजायला. एकही आठवेना. तिने केल्या नव्हत्या, की त्यांनी ऐकल्या नव्हत्या, हे आता विचारायचं तरी कुणाला? ते तसेच बोटं धरून बसून राहिले, आणि आत अकरावी चिठ्ठी सुरू झाली.