शिडीवरचे चौऱ्याऐंशी किलो

साडेअकरा वाजले, की स्टाव्हांगरच्या त्या कचेरीत सगळे आपापली पावाची पुडकी सोडायचे. हेरदिसच्या पुडक्यात तपकिरी चीज ठरलेलं. सव्वीस वर्षांत ते बदललं नव्हतं आणि तिचा प्रोग्रॅमही बदलला नव्हता. शंभर वर्षांत एखादीच येणारी लाट समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर आदळली, तर कुठे किती भार पडेल, हे तो कॉम्प्युटरवर लाटा उठवून सांगायचा. इतर लोक बारीक आकड्यांना कचरा म्हणत आणि चाळणी लावून काढून टाकत. हेरदिसने शिडीची पायरीन् पायरी मोजणीत घेतली होती, आणि चाळणी ठेवलीच नव्हती.

"माझ्याकडे कचरा निघत नाही," असं ती ताठ मानेनं सांगायची. तिला ते शोभायचंही.

या आठवड्यात हावर्न नावाच्या जुन्या फलाटाची पाळी होती. हिवाळाभर त्यावर माणसं ठेवायची की नाही, याचा अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. हेरदिसचा बाप अस्लाक तिथेच कामाला होता. एक्क्याऐंशीच्या वादळात बाकीचे सगळे जण जीवरक्षक बोटीत बसले असताना, खाली पाण्यालगत अडकलेल्या एकाला आणायला तो शिडीवरून उतरला. तो माणूस वर आला, अस्लाकला लाटेनं नेलं. अठरा नंबरची जागा रिकामी ठेवून बोट निघाली. पुढे बोटी बदलल्या, पण अठरा नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. आता हेरदिसचा मुलगा सिंद्रे हावर्नवर होता आणि त्याची जागा सतरा नंबरची होती. या दोन आकड्यांचा तिला फार अभिमान होता.

सोमवारी पडद्यावरची मोठी लाट ओसरल्यावर शिडीच्या खालून तिसऱ्या पायरीवर भार उरला. चौऱ्याऐंशी किलो, सरळ खाली.

तिने दिवसभर चूक शोधली. मंगळवारी तिने लाटांचा क्रमच बदलला, अगदी वेगळा समुद्र दिला. लाट आली, ओसरली. चौऱ्याऐंशी किलो. अकराव्या पायरीवर.

बुधवारी पुन्हा वेगळा समुद्र. बाविसावी पायरी.

"चाळणी लाव ना बाई," तिचा साहेब तेर्ये तिच्या टेबलावर कॉफी ठेवत म्हणाला. "एवढासा भार! त्यानं काय फलाट पडणार आहे?"

"पाणी बाजूनं ढकलतं, तेर्ये. वर उचलतं. खाली वजन टाकून पायरीवर उभं राहत नाही."

"मग काय आहे ते?"

"माहीत नाही."

"हेच लिहिणार अहवालात? माहीत नाही? अगं, गिऱ्हाईक आधीच दुसरा प्रोग्रॅम घ्यायला टपलंय. तुझी सव्वीस वर्षं एका आकड्यापायी घालवशील."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" हेरदिस म्हणाली. तिची कॉफी मात्र तशीच गार झाली.

त्या संध्याकाळी तिने आईच्या ट्रंकेतली बापाच्या कागदांची पाकिटं काढली. फलाटावर जाणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी तोलतात. शेवटच्या फेरीची चिठ्ठी आईनं जपून ठेवली होती. अस्लाक, चौऱ्याऐंशी किलो.

तिला भीती वाटली. तरीही गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ती कचेरीत हजर होती.

एकतिसावी पायरी.

शिडीला चाळीस पायऱ्या होत्या.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पुडकं न सोडता ती पडद्यासमोर बसून राहिली. लाट आली. आठवड्यातली सर्वांत उंच. चाळिसाव्या पायरीपर्यंत सगळं पाण्याखाली गेलं.

पाणी उतरलं. चाळिसावी पायरी, चौऱ्याऐंशी किलो.

तो भार बराच वेळ तिथेच थांबला.

मग शिडी रिकामी झाली. फलाटाच्या मजल्यावरचा भार चौऱ्याऐंशी किलोंनी वाढला.

"शाब्बास, बाबा," हेरदिस पुटपुटली. तिचा ऊर भरून आला.

फलाट लाट सोसेल, हिवाळाभर माणसं ठेवायला हरकत नाही, असं तिने अहवालात लिहिलं. खाली सगळ्या पायऱ्यांचे आकडे दिले, एकही न चाळता. कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं आणि सही केली. तेर्येनं कपाळाला हात लावला, पण अहवाल पाठवला.

तीनला सिंद्रेचा फोन आला.

"आई, काही विशेष नाही गं. आज बोटीत बसायचा सराव झाला. दर आठवड्याला असतो तोच."

"मग?"

"माझ्या शेजारची, अठरा नंबरची जागा... तिथला पट्टा कुणीतरी लावून ठेवलाय. आणि जागा ओली आहे. समुद्र तर दोन दिवस कसा गप्प पडलाय!"

हेरदिसने पडद्यावरच्या रिकाम्या शिडीकडे पाहिलं.

"सोडू का पट्टा?"

"घट्ट आवळलाय?"

"हो. मधे माणूस मावेल एवढी जागा सोडून."

"राहू दे," ती म्हणाली. "बसू दे त्यांना."



"आई," त्यानं हळूच विचारलं, "पण ते आत्ताच बोटीत का येऊन बसलेत?"