मागच्या सीटवरचे पंचावन्न किलो

सत्य लपत नाही. ते मे महिन्यातल्या उन्हासारखं डोक्यावर येऊन उभं राहतं. ही घटनाही शंभर टक्के सत्य आहे.

शंभर टक्के म्हणजे पहाटे. दुपारी साडेबाराला बॅटरी अठ्ठ्याहत्तरच उरायची, आणि सगळं भांडण तिथूनच पेटलं.

गाव साक्री तालुक्यातलं. नाव सांगत नाही, तिथे अजून सोयरीक आहे. वेळ रात्रीची नव्हे. खान्देशात मे महिन्याच्या रात्री भुतंसुद्धा गच्चीवर झोपत असतील. वेळ भर दुपारची. बारा चाळीस. डांबर चपलेला चिकटतं, माळावर एक पाखरू बोलत नाही, आणि रस्त्यात माणूस दिसलाच तर तो माणूसच आहे ना, हे दोनदा बघावं लागतं.

द्रौपदाबाईंनी तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली. पोर नुसतं कडेवर घेतलं की म्हणायच्या, “नऊ किलो दोनशे.” मग काट्यावर ठेवायच्या. चुकलाच तर काटा चुकायचा.

त्यांचे यजमान आधारनाना माळावरच्या सोलर प्लांटवर पाट्या धुवायला जातात. पहाटे जायचं, साडेबाराला सुटायचं. जायला बावीस किलोमीटर, यायला बावीस. मुलाने, राजदीपने, त्यांना बॅटरीची गाडी घेऊन दिली. आवाज नाही, धूर नाही. गाडी दारात येऊन उभी राहिली तरी कुत्र्याला पत्ता लागत नसे.

द्रौपदाबाईंना लागायचा.

आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं. जाताना बॅटरीचे बावीस टक्के जातात. येताना... बत्तीस.

रस्ता तोच. माणूस तोच. उलट येताना थोडा उतारच.

रविवारी त्या स्वतः मागे बसून आल्या. चौतीस गेले. द्रौपदाबाईंचं वजन सहासष्ट. म्हणजे सहासष्ट किलोला बारा टक्के जास्त. मग दहा टक्क्यांना किती?

पंचावन्न.

जी कोणी होती, ती अकरा किलोने बारीक होती. त्या रात्री द्रौपदाबाई जेवल्या नाहीत.

सोमवारी पहाटे त्यांनी मागची दोन्ही पायदानं आपल्या हाताने दुमडली. दुपारी गाडी आली. त्या वाकून बघतात तर...

डावीकडचं उघडं.

फक्त डावीकडचं. पुरुष दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो. एकाच बाजूला दोन्ही पाय घेऊन बसते, ती साडीवाली. भूतप्रेत मानणं या घरात तीन पिढ्यांपासून बंद होतं. त्यामुळे एकच शक्यता उरली, आणि ती साडी नेसत होती.

“कोन शे ती?” त्यांनी ताट वाढता वाढता विचारलं.

“कोन?”

“तुम्हना मांगे बसस ती.”

“मन्हा मांगे वारा बसस,” नाना भाकर मोडत म्हणाले.

“वारानं वजन पंचावन्न किलो?”

नानांचा घास थांबला. लगेच पुढे गेला. पण थांबला होता.

द्रौपदाबाई तशाच उन्हात गाडी घेऊन साक्रीला रमीज मिस्त्रीकडे गेल्या. त्याने चाक फिरवलं, वायरी तपासल्या, हात पुसले.

“अक्का, गाडी एकदम ओके. बॅटरी खोटं बोलत नाही. येताना नानांना म्हणा, डबल सीट कमी करा.”

“तुला कोणी दिसली?”

“मला कशाला दिसेल? मी गॅरेज सोडून जातो कुठे?”

घरी येऊन त्यांनी बॅग भरली. भुसावळला भाऊ होता. नानांना सरळ सांगितलं, “उद्या गाडी मी आणीन. तुम्ही टेम्पोने या. आपलं दोघांचं वजन सारखंच. मी एकटी आले आणि बावीसच गेले, तर खोट गाडीत नाही. मी भुसावळले चालनी.”

बत्तीस वर्षांचा संसार असा दहा टक्क्यांवर येऊन टेकला.

मंगळवारी दुपारी त्या टेम्पोने प्लांटवर गेल्या आणि तिथून गाडी घेऊन एकट्या निघाल्या. डोक्याला रुमाल, डोळ्यांना नानांचा गॉगल. दोन्ही पायदानं दुमडलेली. अठ्ठ्याहत्तर टक्के.

प्लांट सोडला की लगेच एक फाटा लागतो. तिथे पत्र्याचा निवारा आहे. नवा रस्ता पलीकडून गेल्यापासून तिथे काहीच थांबत नाही. आत एक बाक.

बाकावर कोणी नव्हतं.

द्रौपदाबाईंनी दोन घोट पाणी प्यायला गाडी उभी केली. बाटलीचं झाकण लावलं. इतकी शांतता, की स्वतःचं गिळणं ऐकू आलं.

आणि मग...

टक्.

पायदान उघडल्याचा आवाज. डावीकडून.

मागचं सीट हळूच दबलं. धाडकन नाही. सवयीने.

त्यांनी मागे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. तीस वर्षांचा अनुभव होता. पंचावन्न.

खोटं कशाला सांगू, भीती नंतर आली. आधी आला आनंद. म्हणजे बाई नव्हती! त्यांचा माणूस धुतल्या पाटीसारखा स्वच्छ होता. त्यांनी गाडी पुढे काढली.

शंभर पावलं गेल्यावर...

खांद्यावर हात आला.

पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात माठाच्या पोटासारखा गार. गाडीला आवाज नव्हता, म्हणून मागची काकणं स्पष्ट वाजत होती. हात मध्येच आवळायचा, आणि दोन सेकंदांनी खड्डा यायचा. द्रौपदाबाईंना खड्डा दिसायच्या आधी. प्रत्येक वेळी. एकही चुकला नाही.

रस्ता तिला पाठ होता.

आणि तेव्हा द्रौपदाबाईंनी पुढचा हिशेब मांडला. रस्ता पाठ आहे, म्हणजे ती रोज येते. रोज येते, म्हणजे हा हात रोज... नानांच्या खांद्यावर.

आणि नाना म्हणाले होते, वारा.

गावाच्या वेशीपाशी हात उचलला गेला. गाडी एकदम हलकी झाली. मीटरवर शेहेचाळीस.

नाना ओट्यावर बसले होते. टेम्पो आधीच पोचला होता.

“बसनी?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हाले माहीत व्हतं!”

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“कधीपाईन?”

“पहिला दिनपाईन.”

“आन माले सांगं नही?”

“काय सांगू? तुले भूत चालत नही, बाई चालत नही.” नाना जमिनीकडे बघत होते. “आन उनमा... खांदाले गार लागस वो.”

द्रौपदाबाईंनी बॅगेकडे पाहिलं. गार लागणाऱ्या हातासाठी माणूस सोडायचा, की नाही, याचा नियम त्यांना कुठे सापडेना. भावाला सांगायचं तरी काय?

नानांनी मान वर करून विचारलं, “तुन्हा खांदावर बी हात ठेवा का तिनी?”

त्या आवाजात काळजी नव्हती. जे होतं ते द्रौपदाबाईंनी लगेच ओळखलं. गेले तीन दिवस ते त्यांच्याच पोटात होतं.

ती कोण, हे आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी चार गावांत विचारलं. त्या फाट्यावर कोणी मेलेलं नाही, कोणी हरवलेलं नाही. नाना अजून त्याच रस्त्याने येतात. दुसरा रस्ता अकरा किलोमीटरने लांब. बॅटरी अजून बत्तीसच खाते. दुपारचे बारा चाळीस झाले की द्रौपदाबाईंचा खांदा, घरात बसल्या जागी, गार पडतो.

परवा त्यांना राहवलं नाही. टेम्पोने जाऊन त्या फाट्यावर उतरल्या. निवाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. लांबून नानांची गाडी आवाज न करता येत होती.

बाकावर कोणी नव्हतं.

द्रौपदाबाईंनी पदर खोचला आणि रिकाम्या बाकाला म्हणाल्या,

“बस माय, बस. इतल्या उनमा पायी कोठे जाशी? फक्त त्यास्ना खांदाले हात लावू नको. सीटना मांगे कडी शे, ती धर.”